चांद्याचें ऊन आणि मुखलेपांचा इतिहास

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथि आणि तहांचीं कलमें यांनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं असतात. मनुष्य सकाळीं उठून तोंड कशानें धूत असे, आणि उन्हांत निघतांना तोंडास काय लावीत असे, याचा उल्लेख त्या पानांत क्वचित् सांपडतो. असल्या गोष्टी क्षुल्लक आहेत असें म्हणणारांशीं आमचा वाद नाहीं. परंतु क्षुल्लक गोष्टी प्रत्येक घरांत रोज घडतात, आणि त्यांच्यावर पैसाहि रोज खर्च होतो. आज चंद्रपूर किंवा गडचिरोली येथील कोणत्याहि मध्यम स्थितींतील घरांत आरशाखालच्या कोनाड्याकडे पाहिलें, तर चारपांच नळ्या व डब्या हटकून दिसतात: तोंड धुण्याचें एखादें द्रव्य, कातडीचा ओलावा राखणारें क्रीम, वर्ण उजळण्याचें आश्वासन देणारी एखादी नळी, आणि अलीकडे बहुधा एक सनस्क्रीन. यांतलें कोणतें चांगलें, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. आणि त्याचें उत्तर बहुधा जाहिरात देते.

आम्ही इतिहासाचे अध्यापक, रसायनाचे नव्हे. तथापि आमची समजूत अशी आहे कीं, या प्रश्नाचें निम्में उत्तर रसायनशास्त्राकडे असलें, तरी उरलेलें निम्में इतिहासाकडे आहे. मुखलेपाकडून माणसानें आजवर दोन निरनिराळ्या गोष्टी मागितल्या: एक, कातडीचें रक्षण, दुसरी, वर्णाचा बदल. या दोन मागण्या मुळांत वेगळ्या होत्या. त्या एकाच नळींत कशा येऊन पडल्या, आणि त्यामुळें आपली कोणती हानि झाली, हें या प्रदेशाच्या आधारें सांगण्याचा आमचा विचार आहे.

चांदा हें चंद्रपूरचें जुनें नांव. तें १९६४ सालीं बदललें. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मुलूख. त्यांत गडचिरोलीचा तर दोनतृतीयांशांहून अधिक भाग अद्यापहि वनानें झांकलेला आहे. येथील झाडी जशी प्रसिद्ध, तसेंच येथील ऊनहि. मे महिन्यांत चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील पारा ४७ अंशांच्या घरांत गेल्याचें वर्तमान वारंवार वाचावयास मिळतें. चंद्रपूर सुमारें २० अक्षांशांवर असल्यामुळें मेच्या तिसऱ्या आठवड्यांत, आणि पुन्हां जुलैच्या उत्तरार्धांत, भर दुपारीं सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि माणसाची सावली त्याच्या पायांखालीं जाते.

परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. जीव कासावीस करणारी उष्णता आणि कातडी करपविणारा किरण हे एक नव्हेत. जर्मनींतील येना येथें योहान रिटर यानें १८०१ सालीं जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांचा शोध लावला; त्यांसच आपण अतिनील किरण म्हणतों. त्यांपैकीं आंखूड लहरींचे किरण कातडी लाल करून भाजतात. लांब लहरींचे किरण अधिक खोल शिरून डाग आणि सुरकुत्या आणतात, व ते खिडकीच्या कांचेंतून आणि पातळ ढगांतूनहि येतात. म्हणून पारा उतरलेल्या श्रावणांतहि दुपारचें ऊन तोंडास बाधतें. उलटपक्षीं, सनस्क्रीन कितीहि उत्तम असलें, तरी त्यानें उष्माघात टळत नाहीं. त्याला सावली आणि पाणीच पाहिजे.

या किरणांचा मोठा वांटा कोणाच्या तोंडावर पडतो, हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. तेंदूच्या हंगामांत गडचिरोलीचीं खेडीं पहाटेंच रानांत जातात. पानें तोडून आणावयाचीं, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, आणि फळीवर, म्हणजे संकलनाच्या उघड्या जागेवर, ते नेऊन उन्हांत मांडावयाचे, असा हा क्रम. पुढें पावसाळ्यांत धानाची रोवणी येते. त्या वेळीं बायका दिवसाचे दिवस बांधींत वाकून उभ्या असतात. मुखलेपांच्या जाहिरातींत यांचीं तोंडें कधींच दिसत नाहींत.

मग या लोकांनीं आपलें तोंड राखलें कशानें? पहिला उपाय सावलीचा. दुपार चढण्यापूर्वीं काम आटोपावें, डोक्यावर पदर किंवा दुपट्टा घ्यावा, आणि शक्य तेव्हां झाड गांठावें. बांबूच्या कामट्या आणि पळसाचीं पानें यांचें इरलें मुळांत पावसासाठीं. पण पावसानें उघडीप दिली म्हणजे तेंच उन्हाचें छत्र होतें. हा उपाय जुना आहे म्हणून आम्ही त्याची स्तुति करीत नाहीं. दाट विणीचें कापड अतिनील किरणांचा फार मोठा भाग अडवितें, तें घामानें वाहून जात नाहीं, आणि दर दोन तासांनीं नव्यानें लावावें लागत नाहीं. या गुणांत त्याच्याशीं बरोबरी करील असा एकहि लेप अद्याप निघालेला नाहीं.

दुसरा उपाय तेलाचा. मोहाचीं फुलें मार्च-एप्रिलांत गळतात, हें सर्वांस ठाऊक असतें; त्याच झाडाच्या बिया पावसाळ्याच्या तोंडावर मिळतात, त्यांकडे शहरांतील वाचकांचें लक्ष जात नाहीं. या बियांस या भागांत टोळी म्हणतात. त्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक तेल असतें, आणि हें तेल थंडींत तुपासारखें थिजतें. हाताला, पायाच्या भेगांना आणि थंडींत फुटलेल्या तोंडाला तें लावण्याची चाल जुनी आहे. त्यामागील कारणहि सरळ आहे: असल्या स्निग्ध पदार्थाचा पातळ थर बसला म्हणजे कातडींतील पाणी उडून जात नाहीं. अमेरिकेंत रॉबर्ट चीजब्रो यानें खनिज तेलाच्या गाळापासून व्हॅसलीन काढून १८७२ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्या सुप्रसिद्ध पदार्थाचें कामहि हेंच. तेव्हां ओलावा राखण्याच्या कामीं टोळीचें तेल हें कोणत्याहि डबींतल्या क्रीमचें सख्खें भावंड आहे. मात्र त्यानें ऊन अडतें असें समजणें चूक होय. वनस्पतितेलांची ऊन अडविण्याची शक्ति मोजली असतां ती एकअंकीच भरते. आणि तेल लावून दुपारभर उन्हांत उभें राहणें म्हणजे फाटक्या छत्रीच्या भरंवशावर पावसांत जाणें होय.

चारोळी दुधांत वाटून तोंडास लावणें, डाळीच्या पिठांत हळद कालवून उटणें करणें, या चाली खेड्यांत आणि शहरांत सारख्याच आढळतात. चारोळीचें झाड याच रानांतलें. डाळीचें पीठ मळ काढतें, आणि साबणाइतकें तें कातडी कोरडी करीत नाहीं, हा त्याचा खरा गुण. हळदीविषयीं आपल्या लोकांचा अभिमान मोठा आहे, आणि तो निराधार नाहीं. जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ सालीं अमेरिकेंत पेटंट देण्यांत आलें होतें, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय वैज्ञानिक परिषदेनें जुन्या ग्रंथांचे दाखले पुढें करून तें १९९७ सालीं रद्द करविलें. परंतु जखमेवर गुणकारी असणें आणि उन्हावर गुणकारी असणें या गोष्टी वेगळ्या. हळदीचें पिवळें द्रव्य स्वतःच उजेडांत फिकें पडतें. हळदीनें रंगलेलें कापड उन्हांत वाळत घालणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस हें सांगण्याची गरज नाहीं.

या सर्व उपायांत एक गोष्ट लक्षांत येण्याजोगी आहे. रक्षण आणि स्वच्छता हे त्यांचे हेतु. वर्ण बदलण्याची खटपट त्यांत फारशी नव्हती. गोंड आणि माडिया स्त्रियांच्या तोंडावरील व हातापायांवरील गोंदण पाहिलें, म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. काजळीनें टोंचून काढलेल्या त्या ठिपक्यांमागें व रेघांमागें अशी श्रद्धा आहे कीं, सोनेंनाणें येथेंच राहतें, गोंदण तेवढें मेल्यावर बरोबर येतें. सांवळ्या कातडीवर आणखी एक काळी खूण काढून तींत शोभा मानणारी ही दृष्टि गोरेपणाच्या मागें लागलेली नव्हती. निसर्गाचा न्यायहि तिच्या बाजूचा आहे. कातडीस काळेपणा देणारें द्रव्य म्हणजेच तिचें जन्मजात छत्र होय. १९७९ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका मोजणींत काळ्या वर्णाच्या माणसांच्या वरच्या कातडीचा संरक्षणांक १३.४ व गोऱ्यांच्या कातडीचा ३.४ असा भरला. आपल्याकडील बहुतेकांचा वर्ण या दोहोंच्या मधला. तेव्हां आपलें छत्रहि मधल्या प्रतीचें, पण तें फुकटचें आहे, आणि तें फिकें करण्यासाठीं आपण पैसे मोजतों.

येथें कोणी विचारील कीं, वर्ण उजळण्याचे लेप आपल्या शास्त्रांत नव्हते काय? होते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत मुखलेपाचा विधि सांगितला आहे, आणि तो मुळांतून वाचण्यासारखा आहे. लेपाचे तेथें तीन प्रकार केले आहेत: दोष घालविणारा, विष उतरविणारा आणि वर्ण खुलविणारा. लेपाची जाडी बोटाच्या पावभागापासून अर्ध्या भागापर्यंत किती असावी, हें सांगितलें आहे. तो वाळूं देऊं नये, ओला असतांनाच काढावा, असा नियम आहे. आणि सहा ऋतूंसाठीं सहा निरनिराळे योग आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, लेप लावलेल्या माणसानें ज्या गोष्टी टाळावयाच्या, त्यांत ऊनहि आहे. म्हणजे वाग्भटाचा लेप घरांत, सावलींत बसून घेण्याचा उपचार होता. तो लावून रानांत जाण्यासाठीं नव्हता. शिवाय तिन्ही हेतु त्यानें वेगवेगळे ठेविले. एकाच लेपानें सर्व साधेल असें आश्वासन त्यानें दिलें नाहीं, हा त्या जुन्या वैद्याचा प्रामाणिकपणा आजच्या कित्येक वेष्टनांवर आढळत नाहीं.

आतां या प्रदेशांतील एका निराळ्या ठिकाणीं वाचकांस नेतों. चंद्रपूरचा पूर्वभाग, गडचिरोली, भंडारा व गोंदिया यांस मिळून झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथील रंगभूमि सर्व महाराष्ट्रांत ख्यात आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा हंगाम चालतो. रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत रंगतें. आणि वडसा, म्हणजे देसाईगंज, हें नाटक मंडळ्यांचें माहेर आहे. या रंगभूमीपूर्वींची दंडार, तींत पुरुषांनींच घेतलेलीं स्त्रियांचीं सोंगें, आणि एकूण जुनी मराठी रंगभूमि यांच्या रंगपटाकडे पाहिलें, म्हणजे मुखलेपांच्या इतिहासांतील एक गंमत हातीं लागते. सफेता, पिवडी, गेरू, इंगूळ आणि काजळ हीं तेथील मुख्य द्रव्यें. दिवट्यांच्या व पुढें गॅसबत्तीच्या उजेडांत मागच्या रांगेंतल्या प्रेक्षकालाहि तोंड दिसावें, म्हणून तें पांढरें करीत. हा पांढरेपणा उघड उघड सोंगाचा होता. सकाळीं तो तेलानें पुसला जाई, आणि त्यास कोणी आपला खरा वर्ण म्हणत नसे.

या द्रव्यांची रासायनिक कुळी पाहूं. सफेता पूर्वीं शिशाचा असे, व तो विषारी. पुढें त्याची जागा जस्ताच्या भस्मानें, म्हणजे झिंक ऑक्साइडनें, घेतली. पिवडी आणि गेरू या लोहाच्या माती. ज्या जिल्ह्यांत लोहारा आणि सुरजागड येथील लोहखनिजाचे डोंगर आहेत, तेथें त्यांची ओळख करून द्यावयास नको. इंगूळ मात्र पाऱ्याचा. आतां आजच्या उत्तम सनस्क्रीनच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचा. ऊन अडविणारें खनिज म्हणून तींत हेंच झिंक ऑक्साइड सांपडतें; आणि तें तोंडावर पांढरट दिसूं नये, व वांग वाढविणारा दृश्य प्रकाशहि अडावा, म्हणून त्यांत लोहाच्या त्याच पिवळ्या-तांबड्या माती घातलेल्या असतात. म्हणजे रात्रीच्या नटाच्या तोंडावर जें मिश्रण होतें, तें दिवसा रोवणी करणाऱ्या बाईच्या तोंडावर असतें, तर तिचें कांहीं रक्षण झालें असतें. पण तें द्रव्य सोंगासाठींच ठेविलेलें होतें, आणि त्याचा हा दुसरा गुण त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत नव्हता.

वर्ण उजळण्याचा व्यापार आपल्या घरांत शिरला तो 'स्नो'च्या रूपानें. १८९२ च्या सुमारास लंडनच्या बरोज वेल्कम कंपनीनें हेझलिन स्नो बाजारांत आणला. मुंबईंत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनीं १९१९ सालीं अफगाण स्नो काढला, आणि स्वदेशी प्रसाधनांत त्याचें नांव फार झालें. स्नो म्हणजे चरबींतील स्टिअरिक आम्ल, थोडा क्षार, पाणी व ग्लिसरीन यांचें मिश्रण. तो चोळला कीं कातडींत विरून जातो, आणि मागें एक पांढुरकी, कोरडी झांक ठेवतो. तेलकटपणा न येतां तोंड गुळगुळीत दिसतें, हा त्याचा गुण. ऊन अडविण्याची शक्ति त्यांत जवळजवळ नाहीं. तरीहि 'स्नो-पावडर करणें' हा शब्दप्रयोग मराठींत नटण्याच्या अर्थीं रूढ झाला. ज्या मुलखांत बर्फ पडल्याचें कोणी पाहिलें नाहीं, त्या मुलखांतल्या बाजारांत बर्फाच्या नांवानें तोंड पांढरें करण्याची डबी खपूं लागली, यांतच नव्या युगाची इच्छा काय होती तें उघड होतें.

स्वातंत्र्यानंतर १९५२ हें साल या इतिहासांत महत्त्वाचें आहे. त्या सालीं टाटांच्या उद्योगसमूहांतून लॅक्मे निघाली. आणि त्याच सालीं नागपूर सोडून मुंबईस आलेल्या केशव विष्णु पेंढरकर यांनीं विको हा उद्योग आरंभिला. एकीकडे पॅरिसच्या धर्तीचें प्रसाधन, दुसरीकडे आयुर्वेदाचें नांव, असे दोन मार्ग येथून फुटले. विकोचें हळदीचें क्रीम पुढें घरोघर गेलें, आणि त्यावरून एक मौजेचा प्रश्न न्यायालयांत उभा राहिला: हें औषध कीं प्रसाधन? प्रश्न कराचा होता, कारण प्रसाधनावर कर अधिक. १९४० च्या औषध कायद्यांत १९६२ च्या दुरुस्तीनें प्रसाधनांचा समावेश झाल्यापासून या दोहोंमधील रेघ कायद्यांत होती. पण ती नळीवर दाखविणें कठीण. नागपूरच्या उत्पादनशुल्क आयुक्तांच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं निकाल दिला तो कंपनीच्या बाजूनें, म्हणजे औषधाच्या बाजूनें. न्यायालयांपुढेंहि जो प्रश्न इतका वादाचा झाला, तो दुकानांत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानें क्षणांत सोडवावा, अशी आपण अपेक्षा करतों.

रक्षण आणि वर्ण यांची खरी गांठ पडली ती १९७५ सालीं. हिंदुस्थान लिव्हर कंपनीनें १९७१ सालीं पेटंट घेतलेल्या कृतीवरून फेअर अँड लव्हली हें क्रीम त्या सालीं बाजारांत आणलें. त्यांतील नियासिनामाइड हें द्रव्य कातडींतील काळें द्रव्य वरच्या थरांत येण्यास अटकाव करतें. त्याच्या जोडीस ऊन अडविणारीं द्रव्यें होतीं. रसायन म्हणून पाहिलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तें विकलें गेलें तें गोरेपणाच्या नांवानें. गोरी मुलगी लग्नांत आणि नोकरींत पुढें जाते, या समजुतीस जाहिरातींनीं घरोघर पोंचविलें. २०२० सालीं त्या क्रीमच्या नांवांतून 'फेअर' हा शब्द काढून टाकण्यांत आला. नांव बदललें, पण पांच दशकांत रुजलेली समजूत एका शब्दाबरोबर जात नसते. उन्हापासून रक्षण म्हणजेच काळें होण्यापासून रक्षण, असें समीकरण आपल्या मनांत पक्कें बसलें. वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द घालणारीं घरें सांवळ्या विठोबापुढें रोज हात जोडणारींच असतात, हें आम्हीं आमच्या वाचकांस वेगळें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

सनस्क्रीनचा इतिहास मुळांत याहून निराळा आहे. फ्रान्समध्यें यूजेन श्यूलर यांच्या कंपनीनें १९३६ सालीं ऊन अडविणारें तेल काढलें. स्वित्झर्लंडच्या बर्फाळ डोंगरांवर भाजलेल्या फ्रान्झ ग्रायटर या रसायनज्ञानें १९४६ सालीं आपलें क्रीम बाजारांत आणलें, आणि १९७४ सालीं संरक्षणांकाची, म्हणजे एस्. पी. एफ्.ची, कल्पना रूढ केली. हीं सर्व द्रव्यें गोऱ्या लोकांनीं भाजूं नये म्हणून निघालीं. गोरें होण्यासाठीं निघालीं नाहींत. या अंकाचा अर्थ समजून घेणें जरूर आहे. १५ अंकाचें सनस्क्रीन भाजणाऱ्या किरणांपैकीं सुमारें ९३ टक्के अडवितें, ३० अंकाचें ९७ टक्के, आणि ५० अंकाचें ९८ टक्के. म्हणजे ३० वरून ५० वर जातांना अंक जितका वाढतो तितकें रक्षण वाढत नाहीं. शिवाय हा अंक आंखूड लहरींपुरताच. लांब लहरींसाठीं जपानांत १९९६ सालापासून 'पी. ए.' या अक्षरांपुढें अधिकाचीं चिन्हें देण्याची पद्धत निघाली. जितकीं चिन्हें अधिक, तितकें रक्षण अधिक. वांगाचा त्रास असणाऱ्यांनीं हीं चिन्हें अंकापेक्षां अगोदर पाहावीं.

हे अंक मोजतांना दर चौरस सेंटिमीटर कातडीवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलें असतें. वाग्भटानें लेपाची जाडी सांगितली होती, तिचीच ही आधुनिक आवृत्ति. तोंड आणि मान यांस इतका थर द्यावयाचा, तर दोन बोटांच्या लांबीइतकें क्रीम, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, लागतें. आणि उन्हांत राहावयाचें असल्यास दर दोन तासांनीं तें पुन्हां लावावें लागतें. दिवसांतून दोनदांच लावलें असें धरलें, तरी ५० ग्रॅमची नळी तीन आठवड्यांत संपते. जी नळी आपल्या घरांत चार महिने पुरते, ती आपणांस वेष्टनावर लिहिलेलें रक्षण देत नाहीं, हें साधें गणित आहे. निम्म्या थरानें निम्म्याहूनहि कमी रक्षण मिळण्याचा संभव असतो.

तेव्हां तुलना करावयाची ती अशी. तोंड धुण्यासाठीं सौम्य द्रव्य असावें. महाग असण्याचें कारण नाहीं, कारण तें क्षणभर लागून पाण्याबरोबर जातें. ओलाव्यासाठीं ग्लिसरीन, व्हॅसलीन किंवा तेल यांपैकीं जें कातडीस मानवेल तें. येथें किंमतीचा आणि गुणाचा संबंध फार थोडा आहे. उन्हासाठीं ३० किंवा अधिक अंकाचें, लांब लहरींचें रक्षण लिहिलेलें सनस्क्रीन. त्यांत खनिज आणि सेंद्रिय असे दोन वर्ग आहेत. खनिज वर्ग नाजूक कातडीस मानवतो, पण सांवळ्या तोंडावर राखेसारखा दिसतो. लोहाच्या माती घातलेला असल्यास हा दोष जातो. सेंद्रिय वर्ग दिसत नाहीं, पण कोणाकोणाच्या डोळ्यांस व कातडीस झोंबतो. ज्यांस कोड आहे, ज्यांची कातडी जन्मतः वर्णहीन आहे, ज्यांस वांग आहे, त्यांना हें द्रव्य औषधाप्रमाणें आवश्यक आहे. अमेरिकेंत कायदा सनस्क्रीनला औषधच मानतो. आपल्याकडे तें प्रसाधनांत मोडतें. उरला तो गोरेपणाचा वर्ग. त्याची तुलना करण्यास आम्ही तयार नाहीं, कारण त्यांत केवळ निरुपयोगाची गोष्ट नसून जिवाची गोष्ट आहे.

इंगूळ पाऱ्याचा, हें वर आलेंच आहे. पारा कातडींतील काळें द्रव्य तयार होऊं देत नाहीं, म्हणून गोरेपणाच्या स्वस्त क्रीमांत तो लपून राहिला. २०२० च्या प्रसाधन नियमांनीं आपल्या देशांत पाऱ्यावर कडक बंदी घातली. तरीहि २०२३ सालीं अकोल्याच्या एका तरुण विद्यार्थिनीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांस इजा झाली. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत शोध घेतां कारण निघालें तें तोंडास लावण्याच्या क्रीममधील पारा. अकोला आपल्याच विदर्भांतलें. दुसरें विष स्टेरॉइडांचें. तीं औषधें योग्य जागीं अमृतासारखीं. पण गोरेपणासाठीं महिनोंमहिने चोळलीं कीं कातडी पातळ होते, शिरा दिसूं लागतात, आणि औषध सोडतांच तोंड पेटतें. २०१८ सालीं सरकारनें अशा अनेक मलमांवर चिठ्ठीची सक्ति केली. दुकानांत ती किती पाळली जाते, हें वाचक जाणतात.

या जिल्ह्यांत या विषयास आणखी एक बाजू आहे. वरोड्याजवळ बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं आनंदवन स्थापिलें तें कुष्ठरोग्यांसाठीं, आणि तो रोग या भागांतून अद्याप पुरता गेलेला नाहीं. त्याची सुरवात पुष्कळदां एका फिकट, बधिर चट्ट्यानें होते. तो चट्टा उजळ म्हणून दुर्लक्षिला, अथवा त्यावर कोणा शेजारणीनें सुचविलेलें स्टेरॉइडचें मलम चोळून तो झांकला, तर जो रोग गोळ्यांनीं पुरता बरा होतो, तो हातापायांची बोटें घेऊन जातो. तोंडावरील प्रत्येक बदल हा सौंदर्याचा प्रश्न समजण्याची संवय येथें किती महाग पडूं शकते, याचें याहून दुसरें उदाहरण नको.

आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच. नळी हातीं घेतली म्हणजे प्रथम विचारावें, ही रक्षण करते कीं रंग बदलते? रक्षण करीत असेल, तर अंक पाहावा, चिन्हें पाहावीं, आणि लावावयाचें तितकें लावावें. रंग बदलीत असेल, तर घटकांची यादी नसलेली किंवा पार्लरांत सुटी मिळणारी डबी घरांत येऊं देऊं नये. आणि यादी असलेली नळीहि आपल्या मुलीस आपण कशासाठीं आणून देत आहों, याचा घरांतील वडील माणसांनीं एकदां विचार करावा. दुसरें असें कीं, उन्हाचें रक्षण ज्यांस सर्वांत अधिक हवें, त्यांस तीन आठवड्यांत संपणारी नळी परवडणारी नाहीं. त्यांना फळीवर मांडव हवा, दुपारची सुटी हवी, रुंद कांठाची टोपी आणि प्यावयाचें पाणी हवें. २००९ सालीं मेंढा-लेखा या गांवानें आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळविला, आणि पुढें अनेक ग्रामसभा बांबूचा व तेंदूचा लिलाव स्वतः करूं लागल्या. ज्या ग्रामसभा पानांचा भाव ठरवितात, त्या फळीवरच्या सावलीचीहि अट घालूं शकतील. आणि ती सावली पडेल, तेव्हां आरशाखालच्या कोनाड्यांतली कोणतीहि डबी तिच्याशीं तुलनेस उतरणार नाहीं.